बनावट माल पकडला, आता पुढे? जप्तीपासून नाशापर्यंतची वाट

छापा पडला, पंचनामा झाला, स्थानिक पेपरात फोटोसह बातमी आली, की बहुतेक उद्योजकांना वाटतं काम फत्ते झालं. खरं तर तो माल तेव्हा फक्त दुकानाच्या गोदामातून पोलिसांच्या मालखान्यात गेलेला असतो. तिथून तो परत दुकानदाराकडे जाऊ शकतो, वर्षानुवर्षं धूळ खात पडू शकतो, सरकारजमा होऊन लिलावात निघू शकतो किंवा खरोखर नष्ट होऊ शकतो. यातलं काय होणार हे बरंचसं तुम्ही काय मागता आणि कधी मागता यावर ठरतं. न मागता कोणी नाशाचा हुकूम देत नाही.

आमचा शेतीपंपाच्या स्टार्टरचा छोटा कारखाना आहे आणि या सगळ्यातून आम्ही गेलो आहोत. मी वकील नाही. वकील तुम्हाला लागेलच, पण त्याच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे आधी माहीत असलं तर फी सार्थकी लागते. खालची सगळी माहिती भारतातल्या व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ प्रमाणे आहे.

१. कलम १११ आधी वाचून घ्या

कायद्यातलं हे एक कलम नीट समजलं की पुढची धडपड कशासाठी ते कळतं. खोटं व्यापारचिन्ह लावणं (कलम १०३) किंवा तसा माल विकणं, विक्रीसाठी बाळगणं (कलम १०४) यात आरोपीला शिक्षा झाली, तर न्यायालय तो माल आणि ज्या साधनांनी गुन्हा झाला ती साधनं सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतं. आरोपी 'माझा फसवण्याचा हेतू नव्हता' हे सिद्ध करून सुटला, तरीही माल सरकारजमा होऊ शकतो. हे फार जणांना ठाऊक नसतं. माणूस सुटला म्हणजे मालही सुटला, असं नाही.

आता खाचा पाहा. पहिली, कायदा 'करू शकतं' म्हणतो, 'करीलच' म्हणत नाही. दुसरी, माल जमा होतो तो सरकारकडे, तुमच्याकडे नाही. तिसरी, जमा झालेला माल नष्ट करण्याचा किंवा त्याची अन्य विल्हेवाट लावण्याचा स्पष्ट अधिकार याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात आहे, पण तो शिक्षा झालेल्या प्रकरणापुरता. आरोपी सुटला असेल तर नाशासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) मुद्देमालाच्या विल्हेवाटीच्या तरतुदीकडे (कलम ४९८) वळावं लागतं.

'अन्य विल्हेवाट' या दोन शब्दांत लिलावही बसतो. लिलावातून भंगारवाला, भंगारवाल्याकडून पुन्हा बाजार. नकली स्टार्टर नवा असला काय आणि भंगारातून उचललेला असला काय, शेतकऱ्याची मोटार जळायची ती जळतेच आणि शिव्या आमच्या नावाने.

२. कागदपत्रं एका फायलीत लावा

छापा घालायच्या आधी हे सगळं तयार हवं:

- ट्रेडमार्क नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नूतनीकरण चालू असल्याचा पुरावा. नोंदणी दहा वर्षांची असते. मुदत संपली असेल तर आधी ते निस्तरा.
- नोंदवहीतल्या नोंदीची कायदेशीर कार्यवाहीसाठी मिळणारी प्रमाणित प्रत. नोंदणीचं साधं प्रमाणपत्र न्यायालयीन कामात चालत नाही. ही प्रत वेगळा अर्ज करून मागवावी लागते आणि ती यायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी तोच अर्ज करा.
- वेष्टनावरच्या चित्राची, लेबलाच्या मांडणीची कॉपीराइट नोंदणी असेल तर ती. का, ते पाचव्या पायरीत.
- कंपनी किंवा भागीदारी असेल तर ठराव आणि फिर्याद देणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र.
- चिन्ह तुम्ही किती वर्षं वापरताय ते दाखवणारी जुनी बिलं, जाहिराती, दरपत्रकं.
- अस्सल आणि नकली मालाचा तुलनात्मक तक्ता, फोटोंसह.

चिन्हाची नोंदणीच झालेली नसेल तर? कायद्याच्या व्याख्येत या फौजदारी कलमांपुरती वापरातल्या, नोंदणी नसलेल्या चिन्हालाही जागा आहे. पण ठाण्यात बसलेल्या अधिकाऱ्यासमोर नोंदणीचा कागद नसला की गाडी तिथेच अडते. आणि एक करू नका: नोंदणी झालेली नसताना खोक्यावर वर्तुळातला 'आर' छापू नका. कलम १०७ त्यासाठीच आहे आणि समोरचा वकील ते पहिल्याच तारखेला काढतो.

३. नमुना विकत घ्या, फरक शोधा

नमुना बिल घेऊन विकत घ्या. दुकानदार बिल द्यायला कां-कूं करत असेल तर निदान यूपीआयने पैसे भरा, व्यवहाराची नोंद राहते. खरेदीला ओळखीचा चेहरा पाठवू नका.

मग तो नमुना टेबलावर घेऊन बसा. 'दर्जा निकृष्ट आहे' असं मोघम लिहिलेलं पोलिसांना आणि न्यायालयाला उपयोगाचं नसतं. हाताने दाखवता येईल असा फरक हवा. आमच्या स्टार्टरचे टर्मिनलचे स्क्रू पितळेचे असतात. नकलीत लोखंडाला पिवळा मुलामा दिलेला होता. लोहचुंबक धरलं की लगेच चिकटायचं. कॉइलची तार खरवडली की आत तांब्याऐवजी पांढरं अल्युमिनियम दिसायचं. आतल्या मराठी सूचनापत्रकात तर फॉन्टच्या गोंधळामुळे सगळ्या 'ळ'चे 'ल' झाले होते. अधिकाऱ्याच्या टेबलावर चुंबक ठेवून दाखवलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

मात्र सगळ्या खुणा उघड करू नका. पुष्कळ उत्पादकांच्या मालात एखादी गुप्त खूण असते. ती फिर्यादीत लिहिली तर आरोपपत्राची नक्कल घेऊन आरोपी ती वाचणारच, आणि पुढचा नकली माल ती खूण घेऊनच येईल. तक्त्यासाठी तीन-चार उघड फरक पुरतात.

४. फौजदारी की दिवाणी?

पोलिसांकडे गेलात तर धाक बसतो आणि माल झटकन हाती येतो, पण नाशाचा हुकूम निकालापर्यंत रेंगाळू शकतो. दिवाणी दावा खर्चिक, पण माल नष्ट होण्याच्या दृष्टीने जास्त भरवशाचा. माझं मत विचाराल तर बनवणारा सापडला असेल, त्याच्याकडे साचे आणि छपाई असेल, तर फौजदारी. चार दुकानांत थोडा थोडा माल आहे आणि तो लवकर बाजारातून घालवायचाय, तर दिवाणी. माल परदेशातून येत असेल तर दोन्हीच्या आधी कस्टम्स.

५. पोलिसांकडे जाताना

कलम १०३, १०४ आणि १०५ खालचे गुन्हे दखलपात्र आहेत. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. पण झडतीचा अधिकार कुणाला, इथेच बहुतेक प्रकरणं कच्ची राहतात.

कलम ११५(४) प्रमाणे विनावॉरंट झडती आणि जप्ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची असते. आयुक्तालय असलेल्या शहरात सहायक पोलीस आयुक्त. आणि झडतीच्या आधी त्याने ट्रेडमार्क निबंधकांचं मत घेणं बंधनकारक आहे. ते मत त्याला पाळावं लागतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी हे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. मत पोलिसांनी मागवायचं असतं, तुम्ही नाही. तुम्ही फक्त एवढं करा की पत्रासोबत नोंदणी क्रमांक, वर्ग, अस्सल-नकलीचे फोटो हे सगळं व्यवस्थित जोडलेलं असेल. अर्धवट कागद गेले की पत्रव्यवहारात दिवस जातात आणि तोवर गोदाम रिकामं होतं.

'साहेब ओळखीचे आहेत, उद्याच छापा घालू' असं कुणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. उपनिरीक्षकाने निबंधकांचं मत न घेता घातलेला छापा आरोपीचा वकील न्यायालयात बेकायदेशीर ठरवायला बघतो आणि मग माल परत करण्याचा अर्ज पुढे सरकतो.

यातून एक रीतसर वाट आहे. खोका, लेबल यांवरचं चित्र ही कलाकृती म्हणून तुमच्या मालकीची असेल तर कॉपीराइट अधिनियम, १९५७ लागू होतो. त्याच्या कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीही विनावॉरंट जप्ती करू शकतो आणि निबंधकांच्या मताची अट तिथे नाही. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलंय. शिवाय कलम ६६ प्रमाणे, आरोपीला शिक्षा होवो न होवो, न्यायालय नकली प्रती आणि त्या छापायच्या प्लेट हक्कधारकाच्या ताब्यात देऊ शकतं. म्हणून फिर्याद दोन्ही कायद्यांखाली लिहून घेण्याचा आग्रह धरा. फक्त लक्षात ठेवा, हे चित्रापुरतं आहे. साध्या अक्षरात लिहिलेल्या नावाला कॉपीराइट नसतो.

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, आणि तरीही हललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करा. मुदतही डोक्यात ठेवा: गुन्हा घडल्यापासून तीन वर्षं किंवा तुम्हाला कळल्यापासून दोन वर्षं, यातलं जे आधी संपेल ते. 'बघू नंतर' म्हणून बसलेल्यांचा हक्क इथे बुडतो.

६. छाप्याच्या दिवशी

तुमचा माणूस माल ओळखायला सोबत असतो, झडती घ्यायला नाही. त्याने कपाटं उघडायची नाहीत, खोक्यांना हात लावायचा नाही. सोबत पिशवीत हे असू द्या: अस्सल नमुना, लोहचुंबक, जाड कापडी पिशव्या, सुतळी, लाख, मेणबत्ती, मार्कर, कोरी लेबलं. ठाण्यात लाख संपलेली असणं हा काही दुर्मीळ प्रकार नाही.

पंच तुमचे कामगार नसावेत. त्या भागातले, दोन्ही बाजूंशी संबंध नसलेले दोघे. नव्या संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. ते होतंय ना, इकडे लक्ष द्या.

पंचनाम्यात तीन गोष्टी हव्यातच. नगांची नेमकी संख्या, प्रकारवार. 'अंदाजे पाच पोती' चालणार नाही. प्रत्येक पिशवीवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि लाखेचं सील. आणि तपासणीसाठी वेगळे काढलेले नमुने, त्यांच्या स्वतंत्र सीलसह. मोजणीचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण पुढे नाशाच्या दिवशी पिशवीत नग कमी निघाले तर उत्तर कुणाकडेच नसतं.

तयार मालापेक्षा साचे, ठप्पे, स्क्रीन, छापील लेबलांचे रोल आणि रिकामी खोकी जास्त महत्त्वाची. कलम १०३ मध्ये असे साचे आणि यंत्रं नुसती बाळगणंही गुन्हा आहे आणि जप्तीच्या कलमातही त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. माल नेला आणि साचा तिथेच राहिला तर महिन्याभरात तेवढाच माल पुन्हा तयार. छापखानावाला सापडला तर त्याच्याशी लगेच भांडण नको. नेहमीच्या धंद्यात सावधगिरीने काम केलेल्या आणि काम कुणी दिलं ते सांगणाऱ्या कारागिराला कलम ११२ संरक्षण देतं. त्याच्याकडून पुरवठादाराचं नाव मिळणं जास्त मोलाचं.

७. पहिले पंधरा दिवस झोपू नका

जप्त मालात हितसंबंध असणारा कुणीही जप्तीपासून पंधरा दिवसांच्या आत माल परत मागू शकतो. हा अर्ज येणारच असं धरून चाला. अर्जावर सरकार पक्षाचं म्हणणं मागवलं जातं, म्हणून सहायक सरकारी वकिलांना आधीच भेटून तुलनात्मक तक्त्याची प्रत द्या आणि फिर्यादी म्हणून तुमचंही म्हणणं ऐकावं असा अर्ज टाका. समोरून हमखास येणारा युक्तिवाद असा: 'लेबल काढून टाकतो, माल द्या.' त्याला उत्तर आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराचं कलम ४६ सांगतं की बनावट चिन्हाच्या मालावरचं नुसतं चिन्ह खरवडणं, अपवाद वगळता, तो माल बाजारात सोडायला पुरेसं नाही. भारत त्या करारात आहे. वकिलाला हे कलम जरूर दाखवा.

याच टप्प्यावर नाशाचा पहिला अर्जही करता येतो, आणि तो करावाच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये जुन्या कायद्यात नव्हती अशी सोय आली आहे. माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचं वर्णनपत्र करायचं, फोटो आणि गरज पडल्यास चित्रीकरण करायचं, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाट, नाश, सरकारजमा करणं किंवा ताबा देणं यांबद्दल आदेश द्यायचा. ते फोटो आणि वर्णनपत्र पुढे पुरावा म्हणून चालतं. म्हणजे खटला संपेपर्यंत पोती सांभाळायची गरज उरत नाही. नमुने ठेवून बाकीचा माल नष्ट करा, असं मागता येतं. प्रत्यक्षात या मुदतींची आठवण न्यायालयाला तुम्हीच करून द्यायची असते. मुद्देमाल कारकुनाला भेटत राहा, वर्णनपत्र तयार झालं का विचारत राहा.

८. खटला चालू असताना

किरकोळ दुकानदार बहुधा कलम १०४ मधला बचाव घेतो: मी पुरेशी काळजी घेतली, संशय यायचं कारण नव्हतं, विचारल्यावर पुरवठादाराचं नाव दिलं. कधी तो खराही असतो. अशा वेळी त्याला शिक्षा व्हावी म्हणून ताकद घालवण्यापेक्षा माल सरकारजमा व्हावा यावर भर द्या. सुटकेनंतर झालेल्या अशा आदेशावर त्याला तीस दिवसांत अपील करता येतं, हे धरून पुढचं ठरवा.

दुसरा डाव म्हणजे 'यांची नोंदणीच अवैध आहे' हा. न्यायालयाला त्यात प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर कलम ११३ खाली खटला तीन महिने थांबतो आणि आरोपीने नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज केला तर त्याचा निकाल लागेपर्यंत. म्हणून दुसऱ्या पायरीतली जुनी बिलं.

अंतिम युक्तिवादाच्या वेळी एक स्वतंत्र लेखी अर्ज द्या: कलम १११ प्रमाणे माल आणि साधनं सरकारजमा करून ती नष्ट करण्याचा आदेश व्हावा, लिलाव करू नये, नाश फिर्यादीच्या प्रतिनिधीसमोर व्हावा, खर्च आम्ही सोसू. शेवटचं वाक्य विसरू नका. सरकारी यंत्रणेकडे ट्रक आणि यंत्राचे पैसे नाहीत म्हणून अडलेला नाश या एका वाक्याने सुटतो.

९. दिवाणी दावा

कलम १३४ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरच्या न्यायालयात दावा लावता येतो. बनवणाऱ्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. कलम १३५ प्रमाणे मनाई हुकूम, भरपाई किंवा नफ्याचा हिशेब, आणि नकली लेबलं व चिन्हं नष्ट करण्यासाठी किंवा खोडण्यासाठी स्वाधीन करण्याचा आदेश मागता येतो. 'किंवा खोडण्यासाठी' हे शब्द पाहिलेत ना? मागणीत 'मालासह नष्ट' असं स्पष्ट लिहा.

वाणिज्यिक न्यायालयात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, तातडीची अंतरिम मागणी असेल तरच सूट. मध्यस्थीची नोटीस गेली की माल हलणार, त्यामुळे तातडी का आहे ते दाव्यात ठोस लिहा. मुंबई उच्च न्यायालयात अशा प्रकरणांत कोर्ट रिसीव्हर नेमण्याची पद्धत आहे: त्याचा प्रतिनिधी पोलीस बंदोबस्तात जागेवर जातो, यादी करतो, सील ठोकतो. माल कुणाकडे आहे ते ठाऊक नसेल तर 'अशोक कुमार' या काल्पनिक नावाविरुद्धही आदेश मिळतो.

रिसीव्हर पुष्कळदा सील केलेला माल प्रतिवादीच्याच जागेत ठेवतो. जागाभाडं वाचतं, पण सील तुटायची भीती राहते. प्रत्येक सीलचा जवळून फोटो घ्या.

माझ्या पाहण्यात माल सगळ्यात लवकर नष्ट होतो तो सहमतीच्या हुकूमनाम्याने. प्रतिवादीला खर्च आणि तारखा नको असतात, तुम्हाला माल नको असतो. सहमतीपत्रात नाशाची तारीख, जागा, पद्धत, खर्च कुणाचा आणि पुन्हा केलं तर ठरावीक रक्कम, हे सगळं लिहा. फौजदारी प्रकरण सोबत चालू असेल तर ते अशा तडजोडीने आपोआप मिटत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं.

१०. माल बंदरातून येत असेल तर

न्हावा शेवासारख्या बंदरावर अडवायचा असेल तर २००७ च्या आयात माल नियमांखाली कस्टम्सकडे आपल्या हक्काची ऑनलाइन नोंद करा. बंधपत्र आणि तारण लागतं. संशयित माल अडवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत (दहा वाढवून मिळू शकतात) कार्यवाहीत सामील व्हा, नाही तर माल सुटतो.

इथे नाश हाच नियमाचा कल आहे: अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली नाश किंवा नेहमीच्या बाजाराबाहेर विल्हेवाट, तीही तुमच्या संमतीने. पण प्रस्ताव कळल्यावर वीस कामाच्या दिवसांत उत्तर दिलं नाही तर संमती गृहीत धरतात. नाशाचा, विलंबाचा आणि अडवणुकीचा खर्चही हक्कधारकाच्या माथी. कंटेनरचं भाडं दिवसागणिक वाढतं, तेव्हा आधी हिशेब करा. प्रवाशाच्या सामानातल्या एक-दोन वस्तूंना हे नियम लागत नाहीत.

११. नाशाचा दिवस

अपिलाची मुदत संपली आहे, मनाई नाही, याची खात्री करून मग तारीख घ्या. उघड्यावर जाळणं सोपं वाटतं, पण प्लॅस्टिक आणि तारांचा धूर म्हणजे प्रदूषण मंडळाची नोटीस. विजेचा माल, रसायनं, औषधं यांसाठी अधिकृत प्रक्रिया केंद्र गाठा. धातूचा माल प्रेसखाली चेपा किंवा कटरने कापा. साचे दोन तुकडे करून भागत नाही, वेल्डिंगने ते पुन्हा जुळतात. चिन्हाचा भागच पूर्ण वितळवा किंवा घासून टाका. लेबलांचे रोल श्रेडरमध्ये.

सील तोडण्याआधी पंचनाम्याच्या यादीशी नग जुळवा, मग तोडा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चित्रीकरण. उरलेल्या चुऱ्याचं वजन करून पावती घ्या, आणि भंगारवाल्याला द्यायचा असेल तर त्याचे पैसे कुणाकडे जमा होणार हे आदेशात आहे का ते आधीच पाहा. माल सरकारचा असतो, चुराही. नाशाचा पंचनामा, उपस्थितांच्या सह्या आणि प्रक्रिया केंद्राचं प्रमाणपत्र यांच्या तीन प्रती करा: एक न्यायालयात, एक ठाण्यात, एक तुमच्या फायलीत. न्यायालयाची परवानगी घेऊन दोन नमुने सीलबंद ठेवून द्या. तोच माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कलम १०५ प्रमाणे किमान शिक्षा वर्षभराची होते, आणि माल त्याच साच्यातला आहे हे दाखवायला ते नमुने लागतात.